बिनशिडीचा मनोरा आणि ‘फुल स्टॅक’चे शिक्षण

२०२४च्या पावसाळ्यात एक बाप आणि त्याचा मुलगा आमच्या कार्यालयात आले. बाप परभणी जिल्ह्यातला, कंत्राटी सफाई कामगार. मुलगा बी.एस्सी. झालेला, तोही पहिल्या वर्गात. ‘जयभीम वकीलसाहेब’ म्हणून बापाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागदांची गुंडाळी काढली. चौदा पानांचा इंग्रजी करार आणि प्रत्येक पानाखाली बापाची सही.

‘साहेब, पोरगं म्हनलं सहा म्हयन्यांत नोकरी लागती, म्हनून सही केली. आता पोरगं घरी हाय आन् हप्ता चालूच हाय.’

मुलाने पुण्यातल्या एका खासगी वर्गात ‘फुल स्टॅक वेब डेव्हलपमेंट’ या नावाचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. माहितीपत्रकावर ‘पदव्युत्तर दर्जाचे प्रशिक्षण’ आणि ‘शंभर टक्के नोकरी’ असे दोन दावे ठळक अक्षरांत छापले होते. फी एक लाख साठ हजार रुपये. एवढे पैसे नाहीत म्हटल्यावर त्याच टेबलावर वित्तसंस्थेचा माणूस हजर. कर्ज बापाच्या नावावर, पैसे थेट वर्गाच्या खात्यात. आम्ही करार वाचायला घेतला तेव्हा बाराव्या पानावर एक वाक्य सापडले. वर्ग नोकरी मिळवण्यासाठी ‘सहाय्य’ करील, असे त्यात होते. म्हणजे हमी माहितीपत्रकात आणि सहाय्य करारात! माहितीपत्रक मुलाने वाचले, करार कोणीच वाचला नाही.

आम्ही कायद्याचे पदवीधर, संगणकाचे नव्हे. पण कबूल केलेले शिकवले नाही असे नोटिशीत म्हणायचे तर कबूल काय केले होते ते आधी आपल्याला समजले पाहिजे. आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत एम.सी.ए. झालेली एक मुलगी दर रविवारी शिकवते. वस्तीतली सारी पोरे तिला ताई म्हणतात. तिला बोलावले, अभ्यासक्रमाचे पुस्तक समोर ठेवले आणि एकेक ओळ समजून घेतली. त्या दोन रविवारांत आम्हाला जे कळले ते आपल्या समाजातल्या प्रत्येक पालकाला कळले पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

ताई म्हणाली, ‘सर, दहावीचा निकाल मोबाइलवर पाहिला आहे ना? बैठक क्रमांक टाकायचा, आईचे नाव टाकायचे आणि बटण दाबायचे. दोन-तीन सेकंदांत गुण समोर येतात. त्या दोन-तीन सेकंदांत जे जे घडते ते सगळे ज्याला बांधता येते, तो फुल स्टॅक डेव्हलपर.’

मग तिने कागदावर मजले काढले. सगळ्यात वर पडदा, म्हणजे आपल्याला दिसणारे पान. त्याचा सांगाडा एचटीएमएलचा, रंगरूप सीएसएसचे, हालचाल जावास्क्रिप्टची. त्याखाली जाळे. आपण टाकलेला क्रमांक कूटबद्ध होऊन कोणत्या पत्त्यावर जायचा, कोणत्या नियमाने जायचा, हे ते ठरवते. त्याखाली सर्व्हर आणि त्यावर चालणारा प्रोग्रॅम. क्रमांक नीट आहे का, विचारणाऱ्याला उत्तर द्यायचे का, हे तो तपासतो. त्याखाली डेटाबेस, म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांच्या नोंदींचे कोठार. त्यातून नेमकी एक नोंद काढायची आणि तीही लाखो लोक एकाच वेळी विचारत असताना. आणि या सगळ्याला आपल्या खांद्यावर घेऊन उभी असलेली ऑपरेटिंग सिस्टीम, बहुतेक ठिकाणी लिनक्स. स्टॅक म्हणजे चळत, उतरंड. फुल स्टॅक म्हणजे वरच्या गाडग्यापासून तळाच्या रांजणापर्यंतची पूर्ण उतरंड.

उतरंड हा शब्द ऐकला की आपल्या माणसाच्या मनात दुसरीच उतरंड उभी राहते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. एकेक जात म्हणजे एकेक मजला आणि मजल्यांना जोडणारी शिडीच नाही. ज्याने ज्या मजल्यावर जन्म घ्यावा त्याने तिथेच मरावे. आम्हाला त्या कागदाकडे पाहताना हीच उपमा आठवली. संगणकाच्या उतरंडीतही मजले आहेत, पण तिथे शिडी आहे. कोणत्याही मजल्यावरून कोणत्याही मजल्यावर जाता येते. अट एकच. शिडी कुठे आहे ते कोणीतरी शिकवले पाहिजे.

आता त्या मुलाला वर्गाने काय शिकवले ते पाहा. त्याने आपले काम अभिमानाने दाखवले. कपड्यांचे दुकान होते. सुंदर चित्रे, सरकणाऱ्या जाहिराती, टोपलीत माल टाकायची सोय. ताईने पाहिले, कौतुक केले आणि एकच प्रश्न विचारला, ‘दुकानात एकच शर्ट उरला आहे. दोन गिऱ्हाइकांनी एकाच क्षणी बटण दाबले. शर्ट कोणाला मिळेल?’ मुलगा गप्प. तिने पुन्हा विचारले, ‘बरं, पैसे कापले गेले आणि तेवढ्यात वीज गेली. ऑर्डरची नोंद झालीच नाही, तर?’ मुलाने मान खाली घातली.

हा त्याचा दोष नव्हता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की डेटाबेसमध्ये ‘ट्रान्झॅक्शन’ नावाची गोष्ट असते. व्यवहार एक तर पूर्ण होईल, नाही तर मुळीच होणार नाही, मधल्यामध्ये लोंबकळणार नाही, असा तो नियम आहे. दोघे एकाच नोंदीवर आले तर एकाला थांबवून दुसऱ्याला पुढे सोडायचे कसे, याचेही शास्त्र आहे. त्याला वरचा मजला रंगवायला शिकवला आणि त्यालाच ‘फुल स्टॅक’ म्हणून विकले. खालच्या मजल्यांची नावे अभ्यासक्रमाच्या पुस्तकात होती. प्रत्यक्षात तिथे तयार व्हिडिओ पाहून उतरवून घेतलेल्या ओळी होत्या. चालल्या तर का चालल्या आणि अडल्या तर का अडल्या, हे त्याला सांगता येत नव्हते.

कसे करायचे हे कोणीही शिकवील. असे का करायचे आणि दुसरे काही का करायचे नाही, हे ज्याला सांगता येते त्याचे शिक्षण पदव्युत्तर. निकालाचेच उदाहरण घ्या. लाखो नोंदींतून एक क्रमांक शोधायचा तर पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत चाळत बसायचे का? की पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी सूची आधीच बांधून ठेवायची? सूची बांधली तर शोध झटपट होतो, पण नवी नोंद घालताना सूचीही दर वेळी दुरुस्त करावी लागते. मग सूची कशावर बांधावी आणि कशावर बांधू नये? हा विचार डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम या विषयांत शिकवतात. त्या विषयांना आमची मुले ‘कंटाळवाणे’ म्हणतात आणि खासगी वर्ग ते गाळून टाकतात.

वरच्या मजल्यावरची रंगरंगोटी दर चार-पाच वर्षांनी बदलते. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत असताना केली, ती ब्राउझरमध्ये चालण्यासाठी. २००९ साली रायन डाल यांच्या नोडजेएसमुळे तीच भाषा सर्व्हरवर सहज चालू लागली आणि एकच माणूस दोन्ही बाजू सांभाळू शकतो ही कल्पना जोरात पुढे आली. २०१३ साली फेसबुकने रिअ‍ॅक्ट खुले केले. आज जाहिरातींत हीच नावे झळकतात, उद्या दुसरी झळकतील. पण नोंदी तक्त्यांत कशा ठेवाव्यात आणि एकमेकींशी कशा जोडाव्यात याचा पाया एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना घातला. अर्धशतक उलटून गेले तरी बँकेपासून रेशन दुकानापर्यंतच्या नोंदी त्या पायावर उभ्या आहेत. जो फक्त रंग शिकला तो रंगाबरोबर जुना होतो. जो पाया शिकला त्याला नवा रंग आठ-पंधरा दिवसांत येतो.

आणि आता तर वरच्या मजल्यावर यंत्रच येऊन बसले आहे. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. त्यानंतर साधे पान, साधा फॉर्म, साधी दुकानाची मांडणी सांगितल्याबरोबर यंत्र लिहून देते. २०२५च्या जुलैत टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याची कारणे काहीही असोत, जे काम यंत्र फुकट करते त्यासाठी पगार देऊन माणूस कोण ठेवील? यंत्राने लिहिलेले चूक की बरोबर, सुरक्षित की धोक्याचे, हे तपासणारा माणूस मात्र लागणारच. तपासायला खालचे मजले माहीत असावे लागतात. म्हणजे आमच्या मुलांना कर्ज काढून नेमके ते शिकवले जात आहे ज्याची किंमत रोज उतरते आहे.

सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे तर आमच्या पेशातला मुद्दा मांडतो. एखाद्या पानावर नाव विचारणारी चौकट असते. त्यात नावाऐवजी कोणी डेटाबेसलाच हुकूम देणारी ओळ टाकली आणि खालच्या प्रोग्रॅमने ती न तपासता पुढे ढकलली, तर कोठाराचे दार सताड उघडते. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. चूक जुनी, उपाय माहीत असलेला, तरी अर्धवट शिकलेला माणूस ती आजही करतो. आज आपल्या लोकांचे जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, आधार क्रमांक, बँक खाती कोणत्या ना कोणत्या डेटाबेसमध्ये आहेत. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. पण कायदा पहारा देत नाही, पहारा देतो तो कोड लिहिणारा. ज्याची आई शिष्यवृत्तीच्या रांगेत उभी राहिली आहे असा मुलगा तो कोड लिहायला बसला पाहिजे, असे आम्हाला वाटते. त्या दाखल्याची किंमत त्याला पुस्तकातून शिकावी लागणार नाही.

मग हे शिक्षण मिळते कुठे? इथेच आमचा खरा राग आहे. त्या बापाने एक लाख साठ हजारांचे कर्ज ज्यासाठी काढले, ते याहून कितीतरी चांगले शिक्षण सरकारी सवलतीत घेण्याचा त्याच्या मुलाला हक्क होता. आणि ते त्याला कोणी सांगितलेच नाही!

एम.सी.ए. ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. पूर्वी ती तीन वर्षांची होती, २०२०-२१ पासून दोन वर्षांची झाली. महाराष्ट्रात तिला राज्याच्या सीईटी कक्षाची सामायिक परीक्षा द्यावी लागते. गणित व संख्याशास्त्र, तर्क, इंग्रजी आणि संगणकाची प्राथमिक माहिती एवढेच तिचे विषय. बी.सी.ए. झालेल्यालाच प्रवेश मिळतो हा गैरसमज आहे. गणिताची अट पूर्ण करणाऱ्या बी.एस्सी., बी.कॉम., बी.ए.च्या विद्यार्थ्यालाही हा दरवाजा उघडा आहे आणि संगणकाचा पाया नसेल तर त्याच्यासाठी सेतू अभ्यासक्रमाची तरतूद आहे. पदवीला सर्वसाधारण प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४५ टक्के गुण लागतात. राज्याच्या २००६च्या कायद्याने अल्पसंख्याक संस्था वगळता खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांतही राखीव जागा आहेत. तिथली फी मालकाच्या मर्जीने ठरत नाही, २०१५च्या कायद्याखालचे शुल्क नियामक प्राधिकरण ती ठरवते.

फीचे काय? अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्याच्या घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्याहून जास्त असेल तर राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच घेतला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत मिळत नाही. ‘आमच्याकडे थेट या, रांग कशाला?’ असे सांगणारा दलाल तुमचा हक्कच कापत असतो, हे ध्यानात ठेवा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासूनची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अटीत बसणाऱ्याला मुंबई-पुण्यासारख्या शहरात राहण्या-जेवणासाठी तिचा मोठा आधार होतो.

यात एक खड्डा आहे आणि आमच्याकडे येणारी निम्मी मुले त्यात पडलेली असतात. साध्या बी.एस्सी., बी.ए.ला प्रवेश घेताना जात वैधता प्रमाणपत्र सहसा कोणी मागत नाही. त्यामुळे तीन वर्षे मुलगा निश्चिंत असतो. एम.सी.ए. हा व्यावसायिक अभ्यासक्रम. तिथे राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. सीईटीचा निकाल हातात आणि मुलगा आजोबांच्या शाळेचा दाखला शोधत गावोगाव फिरतो आहे, हे दृश्य आम्ही दरवर्षी पाहतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०पूर्वीचा पुरावा विचारला जातो. ज्यांच्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही त्यांनी शाळेचा दाखला आणायचा कुठून? त्यांनी गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुक, जुने महसुली कागद धुंडाळावेत. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर तेही जोडावे. पण हे सारे पदवीच्या पहिल्या वर्षातच करावे. शेवटच्या महिन्यात वकील काय, समिती काय, कोणीच जादू करू शकत नाही.

एम.सी.ए. हा एकच मार्ग नाही. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचा प्रगत संगणनाचा पदव्युत्तर डिप्लोमा सुमारे सहा महिन्यांचा आहे. त्याला वेगळी प्रवेश परीक्षा आहे. ऑपरेटिंग सिस्टीम, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, जावा, वेब अशी खरीखुरी पूर्ण उतरंड तिथे शिकवतात आणि सकाळपासून रात्रीपर्यंत राबवून घेतात. नोकरी करणाऱ्याला इग्नूचे दूरस्थ एम.सी.ए. आहे. आणि ज्याला फक्त शिकायचे आहे त्याच्यासाठी सरकारच्या ‘स्वयम्’वर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने मोफत आहेत. मुळात ही विद्या विकत घ्यायची विद्याच नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ती कोणाकडूनही एक पैसा न घेता साऱ्या जगाला खुली केली. लिनक्स खुले, डेटाबेस खुले, भाषा खुल्या. या विद्येच्या दारावर कोणी मनू उभा नाही. तरीही आमची मुले दारापर्यंत जायचे दलाली देऊन बसतात, हे दुःख आहे.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब एम.सी.ए.ची जाहिरात करताहेत. तसे नाही. अनेक महाविद्यालयांत प्रयोगशाळा कुलपात असते आणि शेवटच्या सत्राचा प्रकल्प बाजारात चार-पाच हजारांत तयार मिळतो. आपलीही मुले तो विकत घेतात, पुठ्ठ्याची बांधणी करून सोनेरी अक्षरांत नाव छापून घेतात. मुलाखतीत कोणी विचारले, ‘शर्ट एकच उरला तर?’ की पुन्हा मान खाली. पदवी आहे, विद्या नाही. कर्ज काढून फसवून घेण्यात आणि शिष्यवृत्ती घेऊन स्वतःला फसवण्यात फरक एवढाच की दुसऱ्याची नोटीस कोणाला पाठवता येत नाही.

खासगी नोकरीत आरक्षण नाही हे आपण जाणतोच. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणी कमी आली. म्हणजे मनोरा तिथेही उभा आहे. कोडला आडनाव नसते, पण मुलाखतीला असते. त्याविरुद्धची लढाई कायद्याने आणि चळवळीने लढायची आहे आणि ती आपण लढूच. पण त्या मुलाखतीत बसलेल्या आपल्या मुलाला निदान विषयाच्या अज्ञानावरून कोणी बाहेर काढू नये. आडनावामुळे नाकारले तर तो अन्याय म्हणून दाद मागता येते. न शिकल्यामुळे नाकारले तर कोणाकडे दाद मागणार?

आता त्या बापाच्या कागदांचे काय झाले ते सांगतो. आम्ही वर्गाला आणि वित्तसंस्थेला नोटीस दिली. नियमित शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येतात की नाही हा वाद जुना आहे. पण खासगी शिकवणीवर्ग म्हणजे विद्यापीठ नव्हे, ते या कायद्याच्या कक्षेत येतात, अशी भूमिका राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० साली घेतली आहे. आम्ही तिचा आधार घेतला. पदवी देण्याचा अधिकार १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ ने कोणाला आहे, हेही दाखवले आणि ‘पदव्युत्तर दर्जा’ हा शब्द कशाच्या बळावर छापला ते विचारले. पत्रव्यवहार चालू असतानाच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिकवणीवर्गांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. निवडीची हमी आणि नोकरीच्या खात्रीचे खोटे दावे त्यांत निषिद्ध ठरले. अखेर तडजोड झाली. उरलेले हप्ते माफ झाले, भरलेले परत मिळाले नाहीत. पूर्ण न्याय झाला असे आम्ही म्हणणार नाही. बापाने भरलेल्या प्रत्येक हप्त्यात पहाटेचा झाडू होता.

पालकांनी एवढे तरी करावे. जाहिरातीचा कागद जपून ठेवावा, कारण हमी तिथेच असते. करार मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२४च्या आदेशानुसार कर्जाचे मुख्य तथ्य विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत दिले पाहिजे. ते हक्काने मागावे. आणि वर्ग लावण्यापूर्वी वस्तीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलामुलीला अभ्यासक्रम दाखवावा. जयंतीच्या डीजेवर आपण एका रात्रीत जेवढे उधळतो तेवढ्यात अभ्यासिकेत चार जुने संगणक, इंटरनेट आणि लिनक्स येते. लिनक्सला तर पैसेही पडत नाहीत.

मुलाने २०२५ची सीईटी दिली. वैधता प्रमाणपत्रासाठी चुलत आजोबांची कोतवाल बुकातली नोंद कामी आली. आता तो एम.सी.ए.च्या वर्गात आहे, फी शिष्यवृत्तीतून. मध्यंतरी सुटीत तो अभ्यासिकेत आला आणि ताईच्या देखरेखीखाली त्याने ग्रंथालयातल्या पुस्तकांची नोंद ठेवणारे एक छोटे संकेतस्थळ बांधले. दिसायला अगदी साधे, पांढऱ्यावर काळे. आम्ही कौतुकाने पाहत होतो. बाप शेजारी उभा होता. त्याने मुलाला विचारले,

‘आरं, पुस्तक एकच आन् दोघांनी संगंच मागितलं तर?’

घरी दोन वर्षे तोच प्रश्न घुमत असावा. मुलाने दोन मोबाइल घेतले. एक बापाच्या हातात दिला, एक आमच्या. दोघांना एकाच वेळी बटण दाबायला सांगितले. बापाच्या पडद्यावर ‘पुस्तक आपल्या नावे नोंदले’ असे आले. आमच्या पडद्यावर ‘क्षमस्व, पुस्तक नुकतेच दिले गेले. आपला क्रमांक पहिला आहे’ असे आले. मग मुलाने बापाला जवळ बसवून कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत मजले काढून दाखवले. शिकलेल्या मुलाने बापाला शिडी दाखवावी यासाठीच तर आपण शिकतो. बापाला त्यातले किती कळले ते आम्हाला सांगता येणार नाही, पण त्याने तो कागद घडी घालून त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्या चौदा पानांच्या कराराशेजारी ठेवला.

जयभीम!